सुनेसाठी एक रिकामे कपाट

लग्न ठरले की घराला रंग काढायचा, हा आपल्याकडे कोणी न सांगता पाळला जाणारा रिवाज आहे. येत्या मार्गशीर्षात आमच्या मुलाचे लग्न आहे आणि साखरपुडा होताच घरात रंगांची शेडकार्डे येऊन पडली. माझे म्हणणे मात्र पहिल्यापासून असे होते की, ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या या जुन्या, बेताच्या जागेत एक नवे माणूस कायमचे राहायला येणार आहे, तेव्हा आधी तिच्यासाठी जागा करावी आणि भिंतींचे त्यानंतर बघावे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझी बॅग बरेच महिने पलंगाखालीच होती. त्यात दोष कोणाचाच नव्हता, घरात माणसेच तेवढी होती. पण स्वतःची साडी काढायला रोज जमिनीवर बसावे लागणे ही गोष्ट मी विसरलेले नाही. म्हणून आम्ही पहिला निर्णय घेतला तो असा की, एक अख्खे लोखंडी कपाट, न्हाणीघरातला एक कप्पा आणि स्वयंपाकघरातली हाताला येणारी एक फळी पूर्ण रिकामी करायची, आणि ती रिकामी झाल्याशिवाय रंगाऱ्याला बोलवायचे नाही.

हा क्रम सोयीचाही ठरला. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईपर्यंत हाताशी वेळ असतो. पण त्याच काळात ठाण्याचा पाऊस कोसळत असतो आणि पावसाळ्यात रंगकाम करून उपयोग नसतो. आवराआवरीला मात्र पाऊस आड येत नाही. आषाढ-श्रावणात माळे आणि कपाटे उपसायची, त्याच पावसात कुठल्या भिंतीला ओल येते ते पाहून खुणा करून ठेवायच्या, पाऊस ओसरल्यावर दुरुस्ती करायची आणि नवरात्र आटोपल्यावर रंगाला हात घालायचा, असे आम्ही ठरवले. दिवाळीच्या तोंडावर चांगला रंगारी मिळणे कठीण असते, म्हणून त्याच्याशी बोलणी मात्र गणपतीच्या आधीच करून ठेवली.

आवरण्यातला सर्वांत मोठा भाग माळ्यावरचा होता आणि माळ्यावरचे जवळजवळ सगळे माझ्या सासूबाईंचे होते. त्या बाबतीत मी एक नियम स्वतःला घालून घेतला होता आणि तो सर्वांनी पाळावा असे मला मनापासून वाटते: ज्याची वस्तू आहे त्याच्या हातात ती दिल्याशिवाय ती घराबाहेर जाता कामा नये, मग कितीही वेळ लागो. रोज दुपारी जेवणे आटोपली की मुलगा एकेक ट्रंक खाली काढून द्यायचा आणि आम्ही दोघी चटईवर बसायचो.

स्टीलच्या भांड्यांच्या ढिगात आम्ही सर्वांत जास्त रमलो. आपल्याकडे पूर्वी आहेरात आलेल्या प्रत्येक भांड्यावर यंत्राने टिंब टिंब काढून नाव आणि तारीख घातलेली असे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकेक वाटी उजेडाकडे तिरपी धरायच्या, घासून घासून पुसट झालेल्या टिंबांवरून अंगठा फिरवायच्या आणि नाव लागले की ते माणूस कोण, कुठले, कोणाच्या मुंजीत हा पेला दिला, हे सांगायच्या. कानाला चीर गेलेला एक डबा मी मोडीत द्यायच्या पिशवीकडे नेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, हा माझ्या मामेबहिणीचा आहे. ती गेली, पण डबा आहे." मी म्हटले, "मग राहू दे ना आई, आपण यात अक्षता ठेवू." तो डबा राहिला. त्यानंतर त्यांनी आपणहून कितीतरी भांडी पिशवीत टाकली आणि कोणते नाव कुठल्या वर्षीचे, हे मी एका वहीत उतरवून घेतले. नाव टिपले गेले म्हटल्यावर भांडे हातातून सोडणे त्यांना सोपे गेले असावे.

लग्नघर आवरणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, काही बाहेर काढण्याआधी घरात होणाऱ्या विधींची यादी समोर ठेवावी. ग्रहमख, देवक, घाणा भरणे, हळद, गृहप्रवेश आणि सत्यनारायण यांना जे लागते त्यातले बरेचसे माळ्यावरच असते. आम्हाला तिथे जाते मिळाले, दोन मुसळे मिळाली, पितळी घंगाळ, मोठी परात, चौरंग, समया आणि जुने सागवानी पाट मिळाले. घाणा भरायला मुसळ लागते आणि ते आयत्या वेळी कुठे शोधायचे? शेजारी मागायला जावे तर तिकडेही आता मिक्सरच असतो. पाटांना पॉलिशपेपर मारून एक हात पॉलिशचा दिला आणि पितळेची भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत केली. हे सगळे विकत किंवा भाड्याने आणायचे ठरले असते तर जांभळी नाक्याच्या बाजारात खेपा पडल्या असत्या आणि शिवाय ते आपले नसते.

कपडे आणि पुस्तके यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आमच्या बाजूला आता क्वचितच फिरकते, त्यामुळे नीट धुतलेले, वापरण्याजोगे कपडे ओळखीच्यांना विचारून दिले. आईंच्या मऊ सुती साड्या गोधडीसाठी ठेवल्या. पुस्तकांच्या बाबतीत वाचनालयांवर ओझे टाकू नये असे मला वाटते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून ग्रंथ सांभाळत आले आहे, म्हणून आपली फाटकी गाइडे आणि जुनी मासिके त्यांच्या दारात नेऊन ठेवणे योग्य नव्हे. आधी यादी दाखवावी, हवे असेल ते द्यावे, उरलेले रद्दीत घालावे.

कागदपत्रांच्या गठ्ठ्यांना मात्र वेळ द्यावाच. जागेचा नोंदणीकृत करार, सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), मालमत्ता कराच्या पावत्या आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे मृत्यूचे दाखले आम्ही एका फाइलमध्ये लावले. त्याच वेळी विवाहनोंदणीची वेगळी फाइल केली. राज्याच्या 1998 च्या कायद्यानुसार लग्नानंतर 90 दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. त्याला वर-वधूंच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, छायाचित्रे, लग्नपत्रिका आणि 3 साक्षीदार लागतात. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला त्याच गठ्ठ्यात, त्याच्या आजोबांच्या पेन्शनच्या कागदांमध्ये सापडला.

आता भिंतींकडे वळते. आमची पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडावर आहे. श्रावणात तुळईच्या खाली हात लावला की रंगाचे पापुद्रे बोटाला येत होते आणि त्यांच्या मागे पांढरे क्षार पिठासारखे सुटलेले होते. अशा भिंतीवर कितीही महागडा रंग लावला तरी आतले पाणी वाट काढतेच आणि वर्षाच्या आत फुगवटे दिसू लागतात. त्यामुळे ओल कुठून येते ते आधी शोधावे. न्हाणीघरातून किंवा सिंकखालून गळती असेल तर तो आपला खर्च. पण बाहेरच्या भिंतीतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि सामाईक नळांची गळती यांची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, सोसायटीने स्वखर्चाने करायची असते. आम्ही छायाचित्रांसह लेखी अर्ज दिला, समितीने बाहेरून भेगा भरून घेतल्या आणि मग आतला पोकळ गिलावा आम्ही ठोकून काढला. नवा गिलावा नीट पाणी मारून भिजवावा आणि रंगापूर्वी साधारण 28 दिवस सुकू द्यावा. रंगारी घाई करतात, आपण करू नये. त्यानंतर घासकाम, प्रायमर, लांबीचे (पुट्टीचे) दोन हात, पुन्हा घासकाम, पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात, असा क्रम असतो. रंग निवडताना सुनेला बोलावले होते. तिने बाहेरच्या खोलीला फिकट पिवळसर आणि त्यांच्या खोलीला फिकट हिरवा निवडला.

खर्चाच्या बाबतीत नौपाड्यातल्या कोणालाही एक प्रश्न पडतोच: इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर घरात पैसे का घालायचे? आजूबाजूला एकेक जुनी इमारत पत्र्यांच्या आड जाते आहे आणि आमच्या सोसायटीतही बैठका चालू आहेत. इमारत 30 वर्षांपेक्षा जुनी असली की दर 3 वर्षांनी संरचनात्मक तपासणी (स्ट्रक्चरल ऑडिट) करून घ्यावी लागते. आमचा अहवाल वाचूनच आम्ही हात किती सैल सोडायचा ते ठरवले. फरशी बदलली नाही, भिंतीत बसवलेले फर्निचर केले नाही, खोटे छत घातले नाही. जे उद्या बरोबर नेता येते किंवा ज्यात सुरक्षिततेचा प्रश्न आहे, त्यावरच खर्च केला. माझ्या मते जुन्या ठाण्यात लग्नाआधी घर नीटनेटके करताना हीच मर्यादा शहाणपणाची आहे.

सुरक्षिततेत पहिला मान विजेचा. जुन्या फ्यूजच्या जागी भार जास्त झाला की आपोआप बंद पडणारा एमसीबी आणि विजेची गळती 30 मिलिअँपियरला पोचली की वीज तोडणारा आरसीसीबी बसवला, अर्थिंग तपासून घेतले आणि गिझर व एसीसाठी 4 चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढली. मुलाच्या आणि सुनेच्या खोलीत एसी येणार असल्याने महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्जही केला. लग्नाच्या रोषणाईच्या माळा मात्र घरातल्या प्लगांवर द्यायच्या नाहीत, असे मंडपवाल्याला आधीच सांगून ठेवले आहे. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेता येते. शौचालयात आईंसाठी आणि येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी भिंतीला धरायला दांडा बसवला. हे काम खरे तर लग्नाची वाट न बघता कधीही करावे असे आहे.

मुख्य दरवाजाची चौकट खालून सडली होती, ती बदलताना सुताराने उंबरठा काढून जमीन सपाट करण्याचे सुचवले. केर काढायला सोपे आणि व्हीलचेअरलाही बरे, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु माप ओलांडायला उंबरठा हवा, आणि आईंनी ठामपणे सांगितले, "सून उंबरठ्यावरूनच आत येईल." चौकटीच्या खर्चात सागवानी उंबरठा बसला आणि पुढे गरज पडली तर लावायला छोटा लाकडी उतार सुताराने वेगळा करून दिला.

कपाट आता रिकामे आहे, आतून धुऊन, बिजागऱ्यांना तेल घालून, कप्प्यांत कागद अंथरून ठेवले आहे, आणि दोन्ही किल्ल्या व्याह्यांकडे केळवणाला जाऊ तेव्हा तिला देणार आहोत, म्हणजे तिला आपले सामान लग्नाआधीच थोडे थोडे आणून लावता येईल. माळ्याचा उजवा भाग मात्र मुद्दाम तसाच ठेवला आहे. त्यात माझ्या संसारातले सामान आहे. ते उपसायला लग्नानंतरची एखादी दुपार काढू आणि त्यातले तिला काय हवे, काय नको, हे तिलाच विचारू.