शेजारचा भाविक

प्रार्थना चालू असताना शेजारी बसलेला माणूस जी कुजबुज करतो, तिचा एक खास गुण आहे. ती ऐकू जात नाही अशी त्याची पक्की खात्री असते, आणि ती सगळ्यांना ऐकू जाते. मोठ्याने बोललेलं एक वेळ कानावरून जाईल, पण कुजबुज आत शिरते, कारण अर्धवट ऐकलेलं पूर्ण करायची मनाला भारी हौस. ‘मग तिने काय केलं माहितीये?’ एवढंच कानावर पडतं आणि समोर श्लोक चालू असोत, स्तोत्र असो की कुराणातल्या आयती, आपलं चित्त ‘तिने’पाशी जाऊन बसतं. प्रार्थना संपते, माणसं उठतात. तिने काय केलं ते कळत नाही ते नाहीच.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आजकाल लोकांना काही राहिलंच नाही.’ हे आजकाल फार जुनं आहे. संत जॉन क्रिसोस्टम इ.स. ३९८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे बिशप झाले. वक्ते असे की लोक प्रवचनात नाटकासारख्या टाळ्या वाजवत. त्यांना ते खटकायचं. देवाचं वचन ऐकायला आलात, तमाशा पाहायला नव्हे. तेव्हा यापुढे टाळ्या नकोत असा नियमच करू या, असं त्यांनी एका प्रवचनात सांगितलं. श्रोत्यांना हा विचार इतका पटला की त्यांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या.

लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलची कथा तर आणखी पुढची. १६६६ च्या आगीत ते जळालं, पण त्याआधीची शंभरेक वर्षं त्याच्या लांबलचक मधल्या दालनात वकील अशिलांना भेटत, नोकर शोधणारे नोकर शोधत, गावभरच्या खबरा तिथे मिळत. वळसा वाचतो म्हणून हमाल ओझी घेऊन आरपार जात. आणि पलीकडच्या भागात त्याच वेळी उपासना चाललेली असे. आपला शेजारी निदान हळू आवाजात तरी बोलतो!

डुलकीबद्दल मात्र मी उदार आहे. घोरत नसेल तर झोपलेला माणूस कुणाचं काही घेत नाही. बायबलमध्ये युतुख नावाच्या तरुणाची हकिकत आहे. त्रोवस गावी संत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले. खिडकीत बसलेल्या युतुखला झोप अनावर झाली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळला. लोकांनी उचललं ते मेला म्हणूनच. पौलाने खाली धावत जाऊन त्याला कवटाळलं आणि सांगितलं, घाबरू नका, जीव आहे. मग पौल पुन्हा वर गेले आणि पहाटेपर्यंत बोलले. इथे झोपणाऱ्याची चूक किती आणि बोलणाऱ्याची किती, याचा निवाडा त्या कथेत नाही. मी माझ्यापुरता करून ठेवला आहे.

सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये एवढी माया नव्हती. तिथल्या प्युरिटन या कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनागृहात एक माणूस लांब काठी घेऊन फिरे. काठीच्या एका टोकाला गोळा, दुसऱ्याला कोल्ह्याची शेपटी. पुरुष पेंगला की डोक्यात गोळा, बाई पेंगली की गालावरून शेपटी. आता विचार करा, भरल्या सभेत कोल्ह्याची शेपटी हातात घेतलेला एक गंभीर माणूस सावज शोधत हिंडतोय. अशा वेळी प्रवचनाकडे कुणाचं लक्ष राहत असेल? जागे ठेवले गेले सगळे, पण ते शेपटीने ठेवले.

बंदोबस्ताची अडचण नेमकी इथेच आहे. गोंगाट करणाऱ्यापेक्षा त्याला गप्प करणाऱ्याचा गोंगाट पुष्कळदा जास्त. तो ‘शूऽऽ’ आठवा. मागच्या ओळीतल्या कुजबुजीने दोन माणसांचं लक्ष गेलेलं असतं. शूऽऽ होताच सगळी सभा मान वळवून पाहते. या बाबतीत मला एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची परंपरेने आलेली नोंद, फार मार्मिक वाटते. शुक्रवारी इमाम खुतबा (नमाजाआधीचं प्रवचन) देत असताना शेजाऱ्याला तू नुसतं ‘गप्प बस’ म्हणालास, तरी तूही व्यर्थ बोललास, असं मुहम्मद पैगंबरांनी सांगितलं आहे. म्हणजे चूक दुसऱ्याने केली, मी फक्त शिस्त लावत होतो, हा बचावच चालत नाही. शूऽऽ करण्यात एक चोरटं सुख असतं (मी किती तल्लीन आहे हे चारचौघांना कळतं), त्या सुखालाच तिथे जागा ठेवलेली नाही.

ज्यूंच्या परंपरेत तर उलट्या बाजूने सुरुवात केलेली दिसते. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेच्या वेळी जे बोलत नाहीत त्यांना आशीर्वाद देणारी एक खास प्रार्थना आहे. पूर्व युरोपात १६४८ मध्ये झालेल्या ज्यूंच्या भीषण कत्तलींनंतर रब्बी (ज्यू धर्मगुरू) योम तोव्ह लिपमन हेलर यांनी ती रचली असं मानतात. बडबड्यांचं नाव घेत बसण्यापेक्षा गप्प राहणाऱ्यांचं भलं चिंतणं, हा शोध ज्याने लावला त्याने पुष्कळ बडबड सोसलेली असणार.

मुळात अनादर होतो तो कुणाचा? देवाचा होतो असं आपण चटकन म्हणतो. तो खरंच दुखावला असेल तर त्याचं तो पाहून घेईल. त्याला माझ्या वकिलीची गरज नाही. शेजाऱ्याला आहे. त्या ओळीत कुणी काल दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आलेलं असतं, कुणी गेलेल्या माणसासाठी आलेलं असतं, आणि कुणाला नुसतीच अर्धा तास शांतता हवी असते, जी घरात मिळत नाही. कुणाच्या मनात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून तर सगळ्यांशीच जपून वागायचं. कुजबुजणारा त्या अर्ध्या तासात हात घालतो.

याच कारणाने लहान मुलाचं रडणं मी अनादरात धरत नाही. मूल रडतं तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं आणि ते मागतं. तिथे जमलेली मोठी माणसं वेगळं काय करत असतात? शिवाय मुलाच्या आईला जे वाटायचं ते आधीच वाटून झालेलं असतं, त्यात आपल्या नजरेची भर नको. नमाज पढवताना मूल रडताना ऐकू आलं, तर आईची घालमेल होऊ नये म्हणून पैगंबर नमाज आटोपती घेत, अशीही हदीस आहे. मुलाला बाहेर न्या, असं नव्हे.

मोबाइलबद्दल वेगळं काय लिहायचं! वाजला तर चुकून वाजला, माणूस ओशाळतो, विषय संपतो. उंच धरून केलेलं चित्रण मात्र चुकून होत नाही. मागच्याला समोरचं दिसत नाही, दिसतो तो पडद्यावरचा छोटा देव.

आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते व्यासपीठावरच्यांबद्दल. प्रार्थना रंगात येते, आणि कुणी वजनदार पाहुणा उशिरा आला म्हणून मधेच थांबवून त्याचं स्वागत होतं, पुढच्या रांगेतल्यांना उठवून त्याला बसवलं जातं. मागे कुजबुजणाऱ्या दोघांवर डोळे वटारणारे आयोजक हे हसतमुखाने करतात. बौद्ध भिक्षूंच्या पातिमोक्खात, म्हणजे त्यांच्या नियमसंहितेत, ७५ सेखिय (वागण्या-बोलण्याच्या शिस्तीचे) नियम आहेत, त्यांत धम्म कुणाला सांगू नये याचीही यादी आहे. हातात छत्री, काठी किंवा शस्त्र धरलेल्याला, पायांत जोडे असलेल्याला, वाहनात बसलेल्याला, स्वतः उंच आसनावर बसून सांगणाऱ्या भिक्षूला खाली बसवणाऱ्याला सांगू नये. पाहुणा मोठा असेल तर चालेल, असं कुठेही म्हटलेलं नाही. सूट आहे ती फक्त आजाऱ्याला.

आजाऱ्याला दिलेली सूट पुढे कुठवर जाते, ते आजच्या फ्रान्समधल्या आर्लचे बिशप सिझेरियस यांनी सहाव्या शतकात भोगलं. तेव्हा लोक उभ्याने ऐकत. पाय दुखणाऱ्यांना त्यांनी लांबलचक वाचनाच्या वेळी बसायची परवानगी दिली. थोड्याच दिवसांत धडधाकट माणसंही बसू लागली, मग बिछान्यात पसरावं तशी पसरली आणि पडल्या पडल्या गप्पा सुरू झाल्या. बिशपांनी पुढच्या एका प्रवचनात तक्रार केली ती अशी, की नुसते आडवे होऊन मुकाट ऐकलं असतंत तरी चाललं असतं.

याच सिझेरियसना शुभवर्तमानाचं (बायबलमधल्या येशूच्या चरित्राचं) वाचन झालं की काढता पाय घेणाऱ्यांचा राग होता. प्रवचन चुकवून पळतात म्हणून ते पुष्कळदा दारंच लावून घ्यायला लावत. हे मला पटत नाही. कोंडून ठेवलेला माणूस ऐकत नाही, तो शेजाऱ्याला किती वाजले ते विचारतो. दार उघडं असावं, मागच्या बाजूला असावं, आणि बिजागऱ्यांना तेल घातलेलं असावं.