पोटरीतला गोळा

मंगळवार, रात्री साडेदहा

आजच्या पानावर फक्त पोटरी.

मध्यरात्री गोळा आला की माणूस पाय झाडतो, नाहीतर बोटं खाली ताणतो. दोन्ही चुकीचं. झोपेत चवडा आधीच खाली झुकलेला असतो, पोटरीचा स्नायू आखडलेला असतो. तो आणखी आवळला की गाठ बसते. म्हणून उलट करायचं: गुडघा सरळ आणि चवडा नडगीकडे. हात पोचत नसेल तर पंचा चवड्याला अडकवून दोन्ही टोकं हळूहळू ओढायची, अर्धा ते एक मिनिट. हिसका नको. गुडघा वाकला की ताण सैल पडतो, कारण पोटरीचा वरचा स्नायू गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला जोडलेला असतो. गोळा सुटल्यावर ठणका उरतो, त्याला दहा-पंधरा मिनिटं शेक पुरे. मधुमेहाने पाय बधिर असतील तर शेक टाळावा. भाजलेलं कळतच नाही.

खरं काम झोपण्यापूर्वीचं. भिंतीपासून हातभर दूर उभं राहायचं, तळहात भिंतीला, एक पाय मागे. मागचा गुडघा सरळ ठेवून पुढे कलायचं, दहा सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. टाच उचलली किंवा पाऊल बाहेर वळलं की सगळं फुकट, आणि नेमकं तेच बहुतेकांचं होतं. दोन-चार रात्रींत सोडू नये, सहा आठवडे द्यावेत.

केळं जरूर खावं, पण त्याने आत्ता आलेला गोळा सुटत नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कांना फारसा उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही. काकडीच्या लोणच्याच्या खाऱ्या पाण्याने पेटका लवकर सुटतो, तोही ते रक्तात मिसळण्याआधीच. बहुधा घशातल्या नसांमुळे. आपल्या कैरीच्या तेलकट खाराला हे लागू करू नये, आणि रक्तदाब असेल तर खारट नकोच. कोयनेल (क्विनीन, मलेरियावरचं जुनं औषध) तर मुळीच नाही: रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात, हृदयाचे ठोके बिघडतात.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्यावर गोळे वाढले तर डॉक्टरांना सांगावं, स्वतः बंद करू नयेत. एकच पोटरी सुजून लाल, गरम झाली तर चोळायची नाही. रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दवाखाना.

पांघरूण पायथ्याशी गादीखाली खोचू नये. वजनाने चवडे रात्रभर खालीच दाबले जातात.