फट

"साहेब, बोल्ट आवळून काही होणार नाही. फटच मिटलीय बघा."

माजिवड्याच्या सिग्नलला बाइकचा गिअर लिव्हर पायाखाली नुसताच वरखाली व्हायला लागला. गाडी दुसऱ्यात अडकलेली. तशीच रेटत कापूरबावडीच्या गॅरेजला आणली.

गॅरेजच्या काकांनी दहाचा पाना लावून बोल्ट अख्खाच काढला, लिव्हर ओढून उजेडात धरला. इंजिनातून बाहेर येणाऱ्या गिअरच्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, कवटाळून धरायला लिव्हरला जी फट असते, तिच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या होत्या. मग बोल्ट कितीही पिळा, पकड वाढणार कुठून? आतले दाते निम्मे गुळगुळीत. शाफ्टचे मात्र शाबूत, कारण ते पोलाद कडक. झिजायचं ते लिव्हरनेच.

आधी एका ठिकाणी "वेल्डिंग मारून टाका" असा सल्ला मिळाला होता. (पुढे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदलायला लिव्हर न निघता कव्हर काढायचं कसं, ते त्यालाच ठाऊक!)

काकांनी नवा लिव्हर बसवला. जुना मागितला तर म्हणाले, "राहू द्या. फटीत करवत फिरवली की कुणाला तरी घरी जाण्यापुरता चालतो."

जुनी गाडी बघून "विकून टाका" न म्हणणारे मेकॅनिक ठाण्यात अजून कुठे कुठे आहेत? कमेंटमध्ये सांगा.