आयोमीची दोन बोटं: बर्मिंगहॅममधली एक पायपीट

न्यू स्ट्रीट स्टेशनात दहा मीटर उंचीचा एक यांत्रिक बैल उभा आहे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तो बनवला होता. पुढे लोकांनी मतदान करून त्याचं नाव ठेवलं ‘ऑझी’, म्हणजे ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न. फोटोवाल्यांची सगळी झुंबड त्याच्यापुढे असते. मी निघालोय त्याच बँडच्या डावखुऱ्या गिटारवादकाच्या, टोनी आयोमीच्या मागावर. 1968 पासून शेवटपर्यंत बँडमध्ये टिकलेला तो एकटाच. गायक बदलले, ड्रमर बदलले, रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) मात्र त्याचेच राहिले.

स्टेशनाला लागूनच स्टेशन स्ट्रीट आहे. तिथला ‘द क्राउन’ पब 2014 मध्ये बंद पडला, त्यामुळे बाहेरूनच पाहायचा. 1968 मध्ये याच्या वरच्या मजल्यावर जिम सिम्पसन ब्लूज क्लब चालवायचे. तिथे वाजवणाऱ्या पोरांच्या बँडचं, म्हणजे पुढच्या ब्लॅक सबाथचं, नाव तेव्हा ‘अर्थ’ (Earth) होतं आणि पुढे सिम्पसनच त्यांचे पहिले मॅनेजर झाले. त्या डिसेंबरात आयोमी काही दिवस जेथ्रो टल या दुसऱ्या बँडमध्ये जाऊन परत आला. येताना एक शिस्त घेऊन आला: तालीम सकाळी नऊला. रात्री वाजवून दुपारी उठणाऱ्या पोरांच्या पचनी ती कशी पडली असेल कोण जाणे, पण वर्षभरात त्यांच्याकडे अख्ख्या अल्बमपुरती गाणी बसलेली होती.

तिथून ब्रॉड स्ट्रीटवरचा कालव्याचा पूल चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. चालायचं नसेल तर ट्रामने ब्रिंडलीप्लेसला उतरावं. 2019 मध्ये या पुलाला ‘ब्लॅक सबाथ ब्रिज’ असं नाव दिलं आणि चौघांचे चेहरे असलेला धातूचा बाक बसवला. फोटो होतो छान. पण इथे थांबून आयोमीबद्दल काही कळत नाही. त्यासाठी ॲस्टनला जायला हवं.

न्यू स्ट्रीटहून क्रॉस-सिटी लाइनची गाडी पकडायची. आधी डडस्टन, मग ॲस्टन. आयोमीचा जन्म 19 फेब्रुवारी 1948 चा. तो वाढला याच भागातल्या पार्क लेनवर, आईवडिलांच्या दुकानाच्या घरात. ऑझीचं लहानपणीचं घर लॉज रोडवर. एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग आहे. आत लोक राहतात, दार वाजवू नये.

1965 मध्ये आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलेलं, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायलाच तयार नव्हता. आईने बजावलं, धरलेलं काम पुरं करून ये. त्या दिवशी प्रेस (पत्रा दाबायचं यंत्र) चालवणारा माणूस आला नव्हता, म्हणून याला प्रेसवर बसवलं. यंत्र हातावर आलं, त्याने हात झटकन मागे ओढला आणि मधल्या बोटाची नि अनामिकेची टोकं तुटली. उजव्या हाताची. ‘उजवाच ना, मग काय झालं’ असं वाटेल; पण डावखुरा वादक तारा छेडतो डाव्या हाताने आणि दाबतो उजव्याने. म्हणजे सूर धरणाऱ्या हाताचीच दोन बोटं गेली.

कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. 1928 मध्ये आगीत भाजल्यावर जँगोची डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांवर तो सोलो वाजवायचा. आयोमीला तेवढा धीर पुरला. पुढचं काम हाताने करायचं होतं.

त्याने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून गोळी वळली. गार झाल्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने तिला बोट जाईल एवढं भोक पाडलं. मग बोटाचा आकार येईपर्यंत तासन् तास सँडपेपर. टोपी झाली, पण प्लास्टिक तारेवरून सटकतं. म्हणून जुन्या लेदर जॅकेटचा तुकडा कापून वर चिकटवला आणि घासघासून गुळगुळीत केला. यात खरी मेख चामड्याच्या जाडीची. जाड झालं की तार लागतच नाही, पातळ झालं की आतलं बोट दुखतं. फार खरबरीत असेल तर तार अडकते, फार गुळगुळीत झालं की प्लास्टिकचीच गत. आणि टोपीखाली स्पर्श कळत नाही, त्यामुळे तार किती दाबली हे कानाने ठरवायचं. अशा वेळी हात गरजेपेक्षा जास्त दाबतो, आणि जास्त दाबलेली तार सूर चढवते.

उपाय तारांमध्ये होता. तेव्हा गिटारच्या हलक्या तारांचे संच मिळत नसत. आयोमीने वरच्या दोन जागी बँजोच्या तारा लावल्या आणि बाकीच्या तारा एकेक घर खाली सरकवल्या. ताण उतरला, बोटांचा त्रास कमी झाला. दोन सुरांचे पॉवर कॉर्ड त्याच्याकडे एवढे का, तेही इथेच कळतं: तर्जनी आणि करंगळी शाबूत होती.

आता एक दुरुस्ती. ‘बोटं तुटली म्हणून गिटार खालच्या सुरात लावली आणि मेटल जन्मलं’ असं सर्रास लिहिलं जातं. पण 1970 चे पहिले दोन्ही अल्बम नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहेत. गिटार तीन अर्धस्वर खाली, सी शार्पला, उतरली ती 1971 च्या तिसऱ्या अल्बमवर. बेस गिटारही सोबत उतरली. तीन अर्धस्वर खाली आलं की कंपनसंख्या सुमारे 84 टक्के उरते, आणि ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो जवळपास 29 टक्क्यांनी घटतो. बोटांना आराम, शिवाय आवाज भरदार. घरी करून पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: तारा त्याच ठेवून नुसत्या खुंट्या सैल केल्या तर खालची तार फ्रेटवर फडफडते. तार थोडी जाड घ्या किंवा ब्रिज जरा उचला, आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका लागणं) पुन्हा लावा.

मग पहिल्या अल्बमचा जडपणा आला कुठून? एक तर सुरांतून. बँडच्या नावाच्याच गाण्यातला रिफ आपल्या भाषेत सांगायचा तर सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. पंचम गाळून तीव्र मध्यमावर ठाण मांडायचं, तेही विलंबित लयीत. दुसरं म्हणजे वाद्य. 16 ऑक्टोबर 1969 ला लंडनमध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रण उरकायचं होतं. पहिल्याच गाण्यात त्याच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) गेला आणि जोडीला आणलेली गिब्सन एसजी गिटार हातात आली. ही एसजी अदलाबदलीत मिळालेली: आयोमीकडे उजव्या हाताची होती, ती तो उलटी धरायचा, समोरचा उजव्या हाताचा वादक डावखुरी गिटार उलटी धरून बसलेला. एसजीची तार फेंडरपेक्षा आखूड, 25.5 इंचांऐवजी 24.75. त्याच तारेला, त्याच सुरात सुमारे सहा टक्के कमी ताण. प्लास्टिकच्या टोप्यांना तेवढाही फरक जाणवतो.

तिसरं म्हणजे अँप (अँप्लिफायर): बर्मिंगहॅमच्याच लेनी कंपनीचे, आणि त्यांच्या आधी रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर. एवढ्या जड आवाजाला ट्रेबल वाढवणारी पेटी कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. खर्ज जास्त गेला की अँपच्या व्हॉल्व्हमध्ये चिखल होतो, सूर वेगळे ऐकू येत नाहीत. खर्ज कापून वरचा भाग जोरात ढकलला की अँपचा आवाज फाटतो पण रिफ स्पष्ट राहतो. खर्ज भरायला गीझर बटलरचा बेस आहेच, तोही बहुधा तोच रिफ वाजवत. इथल्या कारखान्यांच्या ठोक्यांतून हे संगीत आलं असं बँडवाले स्वतःही सांगतात, असेलही. माझा भर मात्र या टोप्या-तारांवर.

ॲस्टनहून पुढे व्हिला पार्क. सतराव्या शतकातल्या ॲस्टन हॉलच्या बागेतून चालत जाता येतं. गाडीने यायचं तर विटन स्टेशन जवळ, पण ॲस्टन व्हिलाचा सामना असेल त्या दिवशी हा बेत आखूच नये. 2012 मध्ये लिम्फोमाचं निदान झाल्यावर उपचारांचं वेळापत्रक सांभाळत आयोमीने अल्बम केला, दौरे केले, आणि 4 फेब्रुवारी 2017 ला याच शहरात बँडचा शेवटचा दौरा संपवला. तरी 5 जुलै 2025 ला मूळ चौघे या मैदानावर वीस वर्षांनी पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. त्यानंतर सतराच दिवसांनी ऑझी गेला. त्या संध्याकाळी चौघांनी चारच गाणी वाजवली. चारही 1970 च्या त्या दोन अल्बमांतली.