लाटांमधलं अंतर

घरी बनवलेल्या सीएनसी मशीनला, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या यंत्राला, थरथर सुटली की मालकाचा हात आपसूक ॲलन की शोधू लागतो. दिसेल तो बोल्ट आवळायचा. सगळे आवळून झाले की पुन्हा पहिल्यापासून. या उपायाने अधूनमधून गुण येतो, म्हणून तर तो सुटत नाही. पण दर वेळी दोष सैल बोल्टचाच असतो असं कुठे आहे? उलट रुळावरची चाकं गरजेपेक्षा जास्त आवळली तर ती अडखळत फिरतात आणि नसलेली थरथर सुरू होते. मला विचाराल तर पाना बाजूला ठेवावा आणि आधी लाकूड बघावं. वरून नव्हे, टॉर्च जवळजवळ लाकडाला टेकवून, आडव्या उजेडात.

गुळगुळीत वाटणाऱ्या पृष्ठभागावर तेव्हा लाटा दिसू लागतात. त्या मोजायच्या. एकाच लाटेवर पट्टी धरून काही कळत नाही, दहा लाटांची लांबी घ्यावी आणि दहाने भागावं. मग तीच खोली, तेच बिट (लाकूड कापणारं पातं), ते गरगर फिरवणाऱ्या स्पिंडलचा वेगही तोच ठेवून फक्त बिट पुढे सरकण्याचा वेग निम्मा करायचा आणि पुन्हा मोजायचं. लाटांमधलं अंतर तेवढंच राहिलं तर दोष मशीनच्या एखाद्या फिरत्या भागाच्या घडणीत आहे. अंतर निम्म्यावर आलं तर काहीतरी ठरावीक वेळाने धडकतंय, म्हणजे कुठला तरी भाग स्वतःच्या तालावर हलतोय. सगळी शोधाशोध या एका प्रश्नाभोवती फिरते, आणि तो विचारायला एक टाकाऊ फळी पुरते.

अंतराला धरून राहणारे दोष पकडायला सोपे. आठ मिलिमीटर व्यासाचा जो लीडस्क्रू (फिरून मशीनचा भाग सरकवणारा, आटे पाडलेला दांडा) अशा मशीनमध्ये सर्रास असतो, त्याच्या एका फेऱ्यात नट बहुतेक वेळा ८ मिमी पुढे जातो. ओरखडा दर ८ मिमीला येत असेल तर स्क्रू वाकलाय, नाहीतर मोटर आणि स्क्रू यांना जोडणारं कपलिंग तिरकं बसलंय. बेल्टचे दात २ मिमीवर असतील आणि लाटाही २ मिमीवर असतील, तर बेल्ट पुलीच्या दातांत नीट बसत नाही. तोच बेल्ट वीस दातांच्या पुलीवर असेल आणि खूण दर ४० मिमीला येत असेल, तर पुलीच केंद्रावर नाही. आकडे असे जुळून आले की फार बरं वाटतं. थरथर अजून गेलेली नसते, पण चोर सापडलेला असतो.

लांब लीडस्क्रूचं एक निराळं दुखणं आहे. सावकाश फिरताना तो सरळ सुताचा वाटतो. वेग वाढला की मधोमध फुगायला लागतो, दोरीवरच्या उड्यांसाठी दोन्ही टोकांना धरून दोरी फिरवावी तसा. कोणत्या वेगाला तो असा बिथरेल हे लांबीवर ठरतं, आणि लांबी दुप्पट झाली की तो वेग एकचतुर्थांशावर येतो. म्हणून छोट्या मशीनवर गुण्यागोविंदाने चाललेली रचना लांब रुळांवर उचलून नेली की रुसते. तिथे जाड स्क्रू लावावा किंवा सरळ बेल्टकडे वळावं. मशीनची लांबी वाढवण्याचा मोह मला तरी फारसा पटत नाही.

वेळेला धरून असणारी थरथर जास्त लबाड. मिनिटाला १२०० मिमी वेगाने बिट सरकतंय म्हणजे सेकंदाला २० मिमी. लाटा अर्ध्या मिलिमीटरवर असतील तर सेकंदाला चाळीस हेलकावे झाले. मिनिटाला बारा हजार फेऱ्यांचा स्पिंडल सेकंदाला दोनशे वेळा फिरतो, तेव्हा चाळीसचा हिशेब थेट त्याच्या माथी मारता येत नाही. संशय गॅन्ट्रीवर, म्हणजे स्पिंडल पेलणाऱ्या कमानीसारख्या चौकटीवर जातो. स्पिंडल बंद ठेवून, बिटाच्या टोकाला बोटाने बाजूला दाबून पाहावं. डायल गेज असेल तर काटा किती हलतो ते दिसतं, नसेल तरी बोटाला कळतं. अशा वेळी बहुतेकदा खांब तिरपे होतात किंवा स्पिंडल धरणारी पट्टी पीळ खाते.

लाटा फक्त कोपऱ्यानंतर येऊन पुढे विरत असतील तर मशीन कापताना नव्हे, वळताना हादरतंय. सॉफ्टवेअरमधला त्वरणाचा आकडा कमी करावा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. सरळ अक्षरं सुबक कोरणारं मशीन पानाफुलांची उठावदार नक्षी करताना का थरथरतं, याचंही एक कारण इथेच आहे. उठावाच्या कामात बिट क्षणाक्षणाला वरखाली होतं आणि स्पिंडलचं सगळं वजन त्याच्याबरोबर नाचतं.

आणि मग चॅटर. बिटाची एक धार लाकडावर बारीक लाट सोडून जाते, पुढची धार त्या लाटेवर आपटते आणि आणखी मोठी लाट सोडते. थरथर स्वतःलाच खतपाणी घालते. धातू कापणाऱ्यांना ही पीडा जुनीच आहे. अमेरिकी अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी धातुकर्तनावरच्या १९०७ सालच्या आपल्या प्रदीर्घ निबंधात, यंत्रकारागिरापुढचा सर्वांत गूढ आणि नाजूक प्रश्न म्हणून तिची नोंद केली होती. चॅटरची खूण अशी, की सरकण्याचा वेग तसाच ठेवून स्पिंडलचा वेग थोडा कमी किंवा जास्त केला की किंचाळी एकदम बदलते, कधी चक्क थांबते. त्या वेगाला पुढची धार लाटेच्या तालात येऊन पडते आणि भांडण मिटतं.

फुकटातला उपाय मात्र बिटाची बाहेर राहिलेली लांबी. एका टोकाला धरलेली दांडी किती वाकते हे लांबीच्या घनावर ठरतं. २० मिमी बाहेर असलेलं बिट ४० मिमी बाहेर काढलं तर त्याच जोराला ते आठपट वाकतं. मोठं बिट दिसायला दमदार असतं म्हणून ते तसंच लावून ठेवणारे पुष्कळ. बिट पकडून ठेवणारं कोलेटही पुसून घ्यावं. त्यात अडकलेल्या भुशाने बिट केंद्रापासून जरासं सरकतं. १२०० मिमी वेग, बारा हजार फेरे आणि दोन धारा असतील तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०५ मिमी लाकूड येतं. बिट तेवढंच वाकडं फिरलं तर एक धार सगळं काम उपसते आणि दुसरी नुसती हवा खाते.

थरथर वाढली की वेग कमी करायचा, हा सल्ला कानाला शहाणा वाटतो. कोपऱ्यावरच्या हादऱ्याला तो लागूही पडतो, पण सरसकट नाही. फारच हळू गेलं तर धारा कापण्याऐवजी घासतात, लाकूड काळवंडतं, बिट तापतं. शिवाय स्टेपर मोटर एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकते आणि प्रत्येक पावलाला किंचित झोका खाऊन स्थिरावते. कमी वेगाच्या एका पट्ट्यात पावलांचा ताल आणि झोक्याचा ताल जुळतात आणि मोटर गुरगुरते. त्या पट्ट्यातून वर निघून जाणं बरं. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे बारीक तुकडे करणं) वाढवलं तर पावलं लहान होतात आणि गुरगुर पुष्कळ मवाळ होते.

मशीनखाली रबरी पाय लावण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. टेबलाचा आवाज कमी होतो, शेजारी सुखावतात, पण बिट आणि लाकूड यांच्यामधला हेलकावा तसाच राहतो. कंप जिरवायचा तर तो मशीनच्या हाडांत जिरवावा. पोकळ चौकोनी नळीत कोरडी वाळू गच्च भरली की टिचकी मारल्यावर येणारा घंटेचा आवाज बसका होतो. वाळूचे कण एकमेकांवर घासून कंपाची ताकद खातात. अशाच वाळूने जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाडनी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर कंपाच्या आकृत्या उमटवून दाखवल्या होत्या. लाकूड ठेवायच्या बेडवर साचलेला बारीक भुसाही कधीकधी तसा रेषांमध्ये गोळा होतो. ज्या जागा हलत नाहीत तिथे तो थांबतो. झाडून टाकण्याआधी एकदा बघून घ्यावं, कारण भुसा सोडून गेलेल्या जागाच आधार मागत असतात.

एवढं करूनही आडव्या उजेडात काहीतरी दिसतंच. सपाट भागावर २२० नंबरचा सँडपेपर फिरवावा, त्यात कमीपणा कसला? नक्षीच्या खोबणीत कागद पोचत नाही, म्हणून तिथे शेवटच्या फेरीसाठी ०.३ मिमीच लाकूड शिल्लक ठेवावं. बिटावर जोर कमी येतो आणि गॅन्ट्रीला वाकायला निमित्त उरत नाही.