जंतू बदलला, पण औषधं तीच बंद

चिपळूणच्या आमच्या लॅबमध्ये लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघणं, रोजचंच. बाहेरच्यांना कल्पना नसते ती एवढीच, की बरेच नमुने येतात ते अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस पोटात गेल्यावर. आधी नमुना, मग औषध, हे डॉक्टर कधी पाळणार?

गुहागरकडच्या एका आजींची केस मात्र डोक्यातून जात नाही. पावसाळ्याआधी त्यांच्या लघवीत साधा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू होता, बहुतेक औषधांना दाद देणारा. मग मुंबईत ऑपरेशन, कॅथेटर, महागडी इंजेक्शनं. गणपतीला गावी आल्या तेव्हा क्लेबसिएला हा दुसराच जंतू निघाला, प्लेटवरच्या त्याच्या ठिपक्याला, म्हणजे वसाहतीला, लूप (तारेचं कडं) लावून उचलला की तार सुटणारा आणि मेरोपेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकलाही न जुमानणारा. पुढच्या नमुन्यात पुन्हा ई. कोलाय. या वेळी मेरोपेनेम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अमिकासिन, कोट्रायमॉक्साझोल, या चारही औषधांच्या डिस्कना (औषध भिजवलेल्या कागदी चकत्यांना) जंतूंची वाढ अगदी भिडलेली, म्हणजे एकही औषध लागू नाही.

सरमिसळ नको म्हणून वसाहत वेगळी केली. ओळख पटवणाऱ्या चाचण्यांत इंडोल पॉझिटिव्ह, सिट्रेट निगेटिव्ह, म्हणजे ई. कोलायच. ईडीटीए घातलेल्या मेरोपेनेमच्या डिस्कभोवती मात्र क्लेबसिएला आणि हा ई. कोलाय, दोघांच्याही प्लेटवर स्वच्छ वर्तुळ, म्हणजे तिथे जंतू मेलेले. औषध तोडणारं एन्झाइम जस्तावर चालतं, ईडीटीएने जस्त काढून घेतलं की ते निकामी.

ही तोड एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते का, हे बघायला मग जे५३ काढला. हा प्रयोगशाळेतला ई. कोलाय सोडियम अझाइडमध्ये तगतो, पण मेरोपेनेमने मरतो. आजींच्या क्लेबसिएलासोबत त्याला रात्रभर ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ द्रवात) ठेवलं आणि सकाळी अझाइड व मेरोपेनेम दोन्ही असलेल्या प्लेटवर पसरवलं. एकेकटे लावलेले दोघेही वाढले नाहीत. एकत्र ठेवलेल्यांतून वसाहती उगवल्या. त्यांवर डिस्क लावल्या, तर चारही औषधं बंद! प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ. चारही औषधांवरची तोड एकाच गाठोड्यात बांधून ते एका रात्रीत दुसऱ्या जातीच्या जंतूत गेलं होतं.

आतड्यात तर असे जंतू कायम एकमेकांना खेटून असतात. साध्या जुलाबाला सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक लिहिणाऱ्यांचा मला संताप येतो तो यासाठीच. गाठोडं नसलेले मरतात, असलेल्यांना मोकळं रान मिळतं.

आजींच्या मुलाने नेमकं विचारलं, “मॅडम, जंतू वेगळा, मग औषधं तीच कशी बंद?” रिपोर्टच्या छापील तक्त्यात या प्रश्नाला जागाच नाही. मी खाली पेनाने लिहिलं आणि डॉक्टरांना फोन केला. ते कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिक सुरू करणार होते. आजींना ना ताप, ना जळजळ. बोलणं झाल्यावर त्यांनी फक्त कॅथेटर काढलं.

आजींच्या पोटातच ही देवाणघेवाण झाली, की दुसरा ई. कोलायही मुंबईहूनच आला? शौचाचा नमुना मागवलाय. मुलगा सोमवारी आणून देतो म्हणाला.