आधी हवेचा हिशेब, मग ट्यूनरची निवड

बदल केलेल्या गाडीचे ट्यूनिंग कसे आणि कोणाकडून करून घ्यावे, असे तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. गाडीच्या इंजिनात काही ना काही बदल करून घेतलेली माणसे मला बहुधा एकच गोष्ट विचारतात: तयार मॅप (इंजिनाच्या संगणकातले इंधनाचे आणि ठिणगीचे आकडे) विकत घेऊन टाकावा, लॉग (गाडीच्या सेन्सरांची नोंद) पाठवून दूरच्या ट्यूनरकडून, म्हणजे हे आकडे जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडून, काम करून घ्यावे, की गाडी सरळ डायनोवर, म्हणजे इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, न्यावी? प्रश्न असा मांडला की बोलणे लगेच ट्यूनरांच्या ख्यातीकडे आणि हॉर्सपॉवरच्या आकड्यांकडे वळते. म्हणून मी आधी उलट विचारतो, की बदल केल्यानंतर इंजिनात नेमकी किती हवा जाते आहे, हे गाडीच्या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) अजून बरोबर कळते का? कळत असेल तर साधा मार्गही पुरतो. कळत नसेल, तर त्या एका गाडीवर बसून काम केल्याशिवाय गत्यंतर नाही. ते काम कोण करतो आणि कोणत्या यंत्रावर करतो, हा विचार त्यानंतरचा.

पेट्रोल इंजिनाचा ईसीयू प्रत्येक क्षणी प्रामुख्याने दोन निर्णय घेत असतो. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हा पहिला, आणि पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची हा दुसरा. दोन्ही निर्णय सिलिंडरमध्ये गेलेल्या हवेच्या वजनावर उभे असतात. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि सावकाश चालणाऱ्या गाडीचे मिश्रण याच प्रमाणाच्या आसपास राखले जाते. पूर्ण थ्रॉटलला मात्र ते मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, ठेवतात. टर्बो नसलेल्या इंजिनात साधारण १२.५ ते १३, आणि टर्बो असलेल्या इंजिनात बहुधा त्याहूनही कमी, कारण जास्तीचे पेट्रोल सिलिंडरमधले तापमान खाली ठेवते आणि नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याला, आवर घालते. हवेचा अंदाजच चुकला, तर मॅपमध्ये लिहिलेले हे आकडे प्रत्यक्ष इंजिनात उतरत नाहीत.

हवा मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत आणि आपल्या गाडीत त्यांपैकी कोणती आहे, हे मालकाला ठाऊक असायलाच हवे. पहिल्या पद्धतीत एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत एमएएफ सेन्सर असतो आणि तो जाणारी हवा प्रत्यक्ष मोजतो. अशा गाडीला मोकळा एक्झॉस्ट बसवला आणि हवा थोडी वाढली, तर ती वाढ सेन्सरला दिसते व पेट्रोलही त्याप्रमाणे वाढते. मात्र त्याच गाडीला वेगळ्या व्यासाची इनटेक नळी बसवली, की सेन्सरच्या तारेजवळून जाणाऱ्या हवेचा वेग बदलतो आणि सेन्सर तितक्याच हवेचे वेगळेच माप सांगू लागतो. बाजारात निरुपद्रवी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘कोल्ड एअर इनटेक’चा हा भाग खोक्यावर क्वचितच छापलेला असतो.

दुसऱ्या पद्धतीत हवा मोजली जात नाही, तिचा हिशेब केला जातो. एमएपी सेन्सर मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब सांगतो, दुसरा सेन्सर हवेचे तापमान सांगतो, आणि त्या आरपीएमला व त्या दाबाला सिलिंडर किती भरतो याचा एक तक्ता ईसीयूत आधीपासून लिहिलेला असतो. हा तक्ता मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मूळ हेड आणि मूळ एक्झॉस्ट यांच्यासाठी केलेला असतो. कॅमशाफ्ट बदलला की सिलिंडर भरण्याची सगळी रीतच बदलते आणि तक्ता खोटा ठरतो. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला दाब अस्थिर होत असल्यामुळे गोंधळ तिथेही वाढतो. मोठे इंजेक्टर बसवणे दोन्ही पद्धतींत सारखेच गंभीर आहे. त्यांची क्षमता ईसीयूला सांगावी लागते, आणि बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे इंजेक्टर उघडायला लागणारा विलंबही सांगावा लागतो. आयडलिंगला इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडा असतो, त्यामुळे त्या विलंबातली बारीकशी चूकही तिथे मोठी होऊन बसते.

‘पण माझी गाडी तर व्यवस्थित चालते आहे,’ असे यावर पुष्कळदा ऐकू येते. ती व्यवस्थित चालते, कारण सावकाश चालताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून आपली चूक स्वतःच सुधारत असतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. अनेक गाड्यांत पूर्ण थ्रॉटलला ही दुरुस्ती थांबते आणि ईसीयू केवळ तक्त्यावर विसंबतो. म्हणजे ज्या ठिकाणी चूक पिस्टन फोडू शकते, नेमके तिथेच ती सुधारणारे कोणी नसते. जुन्या धाटणीचा नॅरोबँड सेन्सर तर मिश्रण १४.७ च्या कोणत्या बाजूला आहे एवढेच सांगतो, किती दूर आहे ते सांगत नाही. म्हणून बदल केलेल्या गाडीवर हे अंतरही मोजणारा वाइडबँड सेन्सर न लावता कोणी ‘ट्यून केले’ असे म्हणत असेल, तर तिथे माझा विश्वास संपतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तयार मॅप त्या गाडीला शोभतो, जिच्यावर मॅप करणाऱ्याने तपासलेलेच भाग बसवलेले आहेत आणि जिला त्याने गृहीत धरलेल्या ऑक्टेनचेच पेट्रोल मिळणार आहे. मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या टर्बो गाड्यांसाठी असे मॅप चांगले असू शकतात, कारण त्यांच्यामागे अनेक गाड्यांवरचा अनुभव असतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब, वाढवण्यास जागाही असते. टर्बो नसलेल्या इंजिनाला निव्वळ रिमॅपने फार थोडे मिळते, आणि विक्रेता तिथे मोठे आकडे सांगत असेल तर तो भागांचे श्रेय मॅपला देत असावा. एका गोष्टीकडे मात्र बारकाईने पाहावे. डायरेक्ट इंजेक्शनच्या लहान टर्बो इंजिनांत दीड-दोन हजार आरपीएमलाच भरमसाट टॉर्क देणारा मॅप चालवायला मोठा मजेदार वाटतो. पण कमी आरपीएम आणि जास्त भार या जोडीतच ठिणगी पडण्याआधी मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताणही तिथेच चढतो. टॉर्क थोडा उशिरा, अडीच-तीन हजारांच्या पुढे चढवणारा ट्यूनर मला अधिक समंजस वाटतो.

लॉग पाठवून केलेले ट्यूनिंग अनेकांना दुय्यम वाटते. मला तसे वाटत नाही. त्या विशिष्ट ईसीयूवर वर्षानुवर्षे काम केलेला माणूस दूर बसूनही, यंत्र हाताशी असलेल्या पण तो ईसीयू नीट न समजलेल्या माणसापेक्षा चांगले काम करू शकतो. अडचण दुसरीकडे आहे. त्याला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही, पेट्रोलचा वास येत नाही, सैल झालेला होज क्लॅम्प दिसत नाही. शिवाय लॉग मिळवण्यासाठी मालकाला वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्यावा लागतो, आणि सार्वजनिक रस्ता ही त्याची जागा नाही. यावर उत्तम तोड म्हणजे गाडी काही तासांसाठी डायनोवर बांधायची आणि दूरच्या ट्यूनरला तिथूनच लॉग पाठवत राहायचे.

डायनोबद्दल अधिक बोलायला हवे, कारण सगळे डायनो एकसारखे नसतात हेच पुष्कळांना माहीत नसते. एका प्रकारात जड रोलर असतो. चाकांनी तो किती वेगाने फिरवत नेला यावरून शक्ती काढली जाते. पूर्ण थ्रॉटलचा आलेख काढायला तो छान आहे, पण ठरावीक आरपीएमवर इंजिन धरून ठेवणे त्याला जमत नाही. दुसऱ्या प्रकारात विद्युतचुंबकीय ब्रेक असतो आणि तो इंजिनाला, समजा, २,८०० आरपीएमवर हवा तेवढा वेळ अर्ध्या थ्रॉटलला रोखून धरतो. तक्त्याचे एकेक घर तपासून भरायचे असेल, तर हेच यंत्र हवे. कॅमशाफ्ट, टर्बो किंवा इंजेक्टर बदललेल्या गाडीसाठी मी ब्रेक असलेल्या डायनोचाच आग्रह धरतो.

इग्निशनचे कामही या यंत्रावरच नीट होते. ठिणगी एकेक अंश आधी आणत गेले की टॉर्क वाढतो, पण प्रत्येक अंशाची कमाई कमी होत जाते आणि माथ्याजवळ आलेख जवळजवळ सपाट होतो. शेवटचे एक-दोन अंश टॉर्कमध्ये जेमतेम काही भर घालतात, नॉकिंगपासूनचे अंतर मात्र खाऊन टाकतात. टर्बो इंजिनात साध्या पेट्रोलवर तर माथा येण्याआधीच नॉकिंग सुरू होते. म्हणून चांगला ट्यूनर माथ्याच्या किंवा नॉकिंगच्या अलीकडे थांबतो आणि त्यामुळे कागदावर गमवाव्या लागणाऱ्या दोन-चार हॉर्सपॉवरची त्याला लाज वाटत नाही.

त्या कागदाविषयीही थोडे सांगतो. दोन वेगवेगळ्या डायनोंवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. टायरची घसरण, पट्ट्यांचा ताण, गिअरबॉक्समधल्या नुकसानीचा अंदाज, हवामानासाठी लावलेला गुणक, सगळेच वेगळे असते. अमेरिकी पद्धतीच्या दोन गुणकांपैकी जुना ‘एसटीडी’ नव्या एसएई गुणकापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त दाखवतो, एवढ्यावरून कल्पना यावी. त्याच यंत्रावर, त्याच गुणकाने काढलेला आधीचा आणि नंतरचा आलेख, इतकीच तुलना अर्थपूर्ण असते. त्यातही मी कमाल आकड्याकडे शेवटी पाहतो, कारण गाडीचे बहुतेक आयुष्य पाव थ्रॉटलला जाते.

आणि ते आयुष्य डायनोवर पुरते दिसतही नाही. थंड इंजिन सकाळी सुरू होणे, एसी लावल्यावर आयडलिंग टिकणे, गिअर बदलताना थ्रॉटल सोडल्यावर धक्का न बसणे, या गोष्टी रस्त्यावर आणि काही दिवसांच्या वापरातच जुळवता येतात. कोल्ड स्टार्टसाठी तर गाडी रात्रभर थंड व्हावी लागते आणि एका प्रयत्नानंतर पुढचा प्रयत्न दुसऱ्याच दिवशी करता येतो. म्हणून ‘दोन तासांत गाडी घेऊन जा’ म्हणणाऱ्याने काय काय सोडून दिले आहे, हे त्याला स्पष्ट विचारावे. मूळ ईसीयू काढून त्याच्या जागी स्वतंत्र, म्हणजे स्टँडअलोन, ईसीयू बसवला असेल तर हा भाग आणखी वाढतो, कारण कारखान्याने केलेले हे सगळे काम पुसले जाऊन नव्याने करावे लागते. मूळ ईसीयू पुन्हा लिहिता येत असेल तर माझी पसंती त्यालाच असते. सेन्सरचे संकेत मधल्यामध्ये बदलून ईसीयूची दिशाभूल करणाऱ्या पिगीबॅक पेटीकडे मी अगदी नाइलाज झाला तरच वळेन.

ट्यूनरला विचारण्याचे माझे प्रश्न थोडे आहेत. माझ्याच ईसीयूवर तुम्ही काम केले आहे का? नॉकिंग कशाने ओळखता, केवळ गाडीच्या सेन्सरवर की कानाला लावून ऐकण्याच्या साधनानेही? मूळ फाइल आणि नवी फाइल मला मिळेल का, की ईसीयू कुलूपबंद करून द्याल? कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झाले आणि मॅप पुसला गेला तर काय? आणि शेवटी, तुम्ही कोणत्या गाडीला कधी नकार दिला आहे का? या शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे ठोस उत्तर आहे, त्याच्याकडे गाडी न्यायला मी कचरत नाही. कॉम्प्रेशन कमी असलेले, बूस्ट गळणारे किंवा इंधनाचा दाब कोसळणारे इंजिन ट्यून करायला घेणे म्हणजे बिघाडालाच मॅपमध्ये कायमची जागा देणे होय. म्हणून नेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, लीक टेस्ट, नवे स्पार्क प्लग आणि ताजे ऑइल एवढे स्वतःच उरकून घ्यावे. बूस्ट वाढणार असेल तर प्लगची गॅप कमी करावी लागते, तेही तेव्हाच ठरवून टाकावे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सेन्सर बंद करण्याची मागणी करू नये. अनेक देशांत ते बेकायदा आहे, आणि केलेले बदल विमा कंपनीला कळवणेही आवश्यक असते.

काम झाल्यावर पहिले काही आठवडे फ्युएल ट्रिम पाहत राहावेत. ते एका बाजूला सतत सरकत असतील, तर हवेचा हिशेब अजून जुळलेला नाही. हवा चांगली तापलेल्या दिवशी एक लॉग पुन्हा घ्यावा, कारण डायनोवरचा पंखा आणि रस्त्यावरचा वारा यांत इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) सारखा थंड राहत नाही. हा दुसरा लॉग पाहून मॅपमध्ये किरकोळ फेरफार करून देणे ठरलेल्या मोबदल्यातच धरले आहे का, एवढे गाडी सोपवण्याआधी लेखी घेऊन ठेवावे.